घरच्या टेबलावर फोमचं जेट

चला, टेबल रिकामं करा. डोक्यावरचा पंखाही बंद करा, नाहीतर कापलेले तुकडे घरभर नाचतील. आता सामान समोर मांडा.

५ मिलिमीटर जाडीच्या फोमबोर्डच्या २० बाय ३० इंची दोन शीट हव्यात. शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टचं सामान ठेवणाऱ्या स्टेशनरीवाल्याकडे मिळतात. हातात उचलून बघा आणि हलकी असेल ती घ्या. दुकानदार सनबोर्ड पुढे करेल, तो घेऊ नका. पाट्यांसाठी छान, पण उडायला जड. साध्या थर्माकोलचे दाणे सुटतात, तोही नको. बाकी सामान ऑनलाइन मागवा: २२१२ ची २२०० केव्ही मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), ६ बाय ४ चे तीन प्रॉपेलर (एक तुटणारच, दुसराही तुटेल), ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो, ३ सेलची १३०० एमएएच लायपो बॅटरी, लायपोचा चार्जर आणि ६ चॅनेलचा रिमोट रिसीव्हरसह. शिवाय ४ मिमी प्लायचा तुकडा, आकाशकंदिलाला लावतात तसली बांबूची कामटी, १ मिमी स्टीलची तार, ग्लू गन, दोन नळ्यांचा एपॉक्सी आणि कटरची नवी पाती.

कापणी

१. पहिल्या शीटवर पंखाचा आकार काढा. मागची कड ७० सेंमी. तिच्या मध्यापासून ५० सेंमी पुढे, ९ सेंमीची पुढची कड. दोन्ही टोकांना मागून पुढे १२ सेंमीची सरळ कड. आता पुढची आणि बाजूची टोकं तिरक्या रेघांनी जोडा.

२. मधोमध उभी रेघ मारा, वरही आणि खालीही. लांबीच्या दिशेची पुढची सगळी मापं मागच्या कडेपासून मोजायची आहेत. मधेच नाकापासून मोजू लागलात तर गोंधळ ठरलेला.

३. स्टीलच्या पट्टीला टेकवून पंख कापा. एका दमात नको, तीन हलके हात फिरवा. जोर दिला की फोम फाटतो आणि पातं बोटाकडे वळतं.

४. दुसऱ्या शीटमधून उरलेले भाग कापा: नाकाची पट्टी ३० बाय ९, दोन बाजू ६५ बाय ८, तळ ६५ बाय ९ आणि दोन उभ्या शेपट्या. शेपटी खाली २० सेंमी, वर १० सेंमी, उंची १६ सेंमी. आधी सगळं आखा आणि मगच कटर उचला.

५. पंखाच्या मागच्या कडेला एलेव्हॉन, म्हणजे विमान चढवणारे-वळवणारे हलते भाग, आखा: मधल्या रेघेपासून ९ सेंमीवर सुरू, ३३ सेंमीवर शेवट, रुंदी ५ सेंमी. दोन्ही बाजूंना सारखे.

६. एलेव्हॉनची लांब रेघ खालच्या बाजूने कापा. वरचा कागद शाबूत राहायला हवा, तोच बिजागरी आहे. आडव्या दोन बाजू मात्र आरपार कापा.

७. बिजागरीच्या फटीत खालून फोम ४५ अंशांत तासा. हे टाळलंत तर एलेव्हॉन वर जाईल, खाली येणार नाही.

जोडणी

८. नाकाची पट्टी पंखाच्या पुढच्या कडेला चिकटवा. ग्लू गन आधी तुकड्यावर चालवून बघा. गोंद फार तापलेला असेल तर फोम वितळतो. फेव्हिक्विक या कामाच्या आसपासही आणू नका, फोमला भोक पाडतो.

९. मागून २० सेंमीवर खालच्या बाजूने आडवी खाच पाडून ५० सेंमीची कामटी एपॉक्सीने बसवा. खाच अर्ध्या जाडीइतकीच.

१०. दोन्ही बाजू पंखाखाली उभ्या चिकटवा, नाकाच्या टोकापासून मागे. मागचे १५ सेंमी मोकळे राहतील, ते बरोबर आहे.

११. तळाची पट्टी लावून पेटी बंद करा. मागचं तोंड उघडं ठेवा आणि नाकात अंगठ्याएवढं भोक पाडा. हवा आत शिरली नाही तर ईएससी तापेल.

१२. नाकाच्या पट्टीत वरून बॅटरीचं झाकण कापा, १२ बाय ६ सेंमी. एक बाजू टेपने बिजागरीसारखी ठेवा.

१३. शेपट्या मधल्या रेघेपासून १२ सेंमीवर दोन्हीकडे उभ्या करा. मागची कड पंखाच्या कडेपासून ६ सेंमी आत, म्हणजे एलेव्हॉनला अडथळा नाही. गुण्या लावून ९० अंश तपासा.

१४. प्लायचा ४ सेंमी चौकोन कापून त्याला मोटरची भोकं पाडा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये कुणी ओळखीचं असेल तर ड्रिलवर दोन मिनिटांचं काम आहे. हातानं तिरकी पडलेली भोकं म्हणजे तिरकी मोटर.

१५. चौकोन मागच्या कडेच्या मध्यावर एपॉक्सीने उभा चिकटवा, वर आणि खाली प्लायचे त्रिकोणी टेकू देऊन. रात्रभर वाळू द्या. इथे घाई करणाऱ्याची मोटर हवेत विमान सोडून जाते.

१६. मोटर स्क्रूने बसवा. प्रॉपेलर अजून लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

१७. ईएससी पेटीत ठेवून मोटरपर्यंतच्या तिन्ही तारा जाड तारेने लांबवा. बॅटरीच्या बाजूच्या दोन तारा लांबवू नका, त्याने ईएससी जळू शकतो.

१८. एलेव्हॉनला खालून हॉर्न (तार अडकवायचा भोकांचा छोटा तुकडा) चिकटवा आणि सर्व्हो पंखात खालून बसवा, हॉर्नच्या अगदी समोर.

१९. स्टीलच्या तारेने सर्व्हो आणि हॉर्न जोडा. तार वाकत असेल तर ती फार लांब झाली आहे.

२०. रिसीव्हर पेटीत लावा. त्याच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात ठेवा.

२१. पंखाला रंगीत टेप लावा: वरून भडक केशरी, खालून काळी. ही हौस नाही. शंभर मीटरवर गेलेलं जेट येतंय की जातंय हे टेपवरूनच कळतं.

टेबलावरची तपासणी

२२. आधी रिमोट चालू करा, मग बॅटरी जोडा. बंद करताना उलट: आधी बॅटरी, मग रिमोट.

२३. रिमोटच्या मेनूत एलेव्हॉन मिक्सिंग चालू करा.

२४. दिशा तपासा. स्टिक स्वतःकडे ओढली की दोन्ही एलेव्हॉन वर. स्टिक उजवीकडे नेली की उजवा वर, डावा खाली. पहिल्याच फेकीत जमिनीत घुसणारी बहुतेक विमानं इथेच चुकलेली असतात, म्हणून मोठ्यानं बोलत दोनदा तपासा.

२५. स्टिक मध्ये असताना दोन्ही एलेव्हॉन ३ मिलिमीटर वर ठेवा.

२६. रिमोट बंद केल्यावर मोटर थांबते का बघा. थांबत नसेल तर रिसीव्हरचं फेलसेफ लावा आणि तोवर घराबाहेर पडू नका.

२७. आता बॅटरी काढून प्रॉपेलर बसवा. अक्षरं असलेली बाजू नाकाकडे.

२८. मित्राला विमान घट्ट धरायला सांगून थ्रॉटल हळू द्या. हवा मागे जायला हवी. पुढे येत असेल तर मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारा अदलाबदल करा. समोर तोंड नेऊन बघायचं नाही.

२९. मागच्या कडेपासून ३४ सेंमीवर दोन्ही बाजूंना खूण करून विमान दोन बोटांवर तोला. बॅटरी पुढे-मागे सरकवत नाक किंचित खाली झुकेल असं बघा. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं, शेपटी जड असलेलं एकदाच उडतं.

३०. बॅटरीची जागा वेल्क्रोने पक्की करा.

माळावर

३१. जाण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडा. हे विमान २५० ग्रॅमच्या वर जातं, म्हणून नोंदणीचे नियमही वाचून घ्या. कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीचं विमानतळ चालू आहे, हे विसरायचं नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर उंचीपर्यंतच परवानगीशिवाय उडवता येतं, आणि त्यापलीकडे हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत. शहरातलं मैदान कितीही मोकळं दिसलं तरी तिथे नको. गगनबावडा रस्त्याने कळे गावाच्या पुढे एखादा माळ गाठा, आणि मालकाला विचारूनच पाऊल टाका.

३२. उभ्या उसापासून लांब राहा. उसात पडलेलं विमान शोधायला अख्खी दुपार जाते आणि पाल्याने हात कापतात ते वेगळंच. तोडणी झालेलं रान चालेल, गवताचा माळ उत्तम.

३३. सकाळी आठच्या आत पोचा. गवताचं पातं सतत हलत असेल तर भडंग खा आणि परत या.

३४. मोटर सुरू न करता पन्नास पावलं लांब जाऊन एलेव्हॉन हलतात का बघा.

३५. फेकणारा मित्र वाऱ्याकडे तोंड करून उभा करा. पकड पेटीला, प्रॉपेलरच्या खूप पुढे. हातात जाड मोजा हवाच.

३६. विमान सपाट आणि जोरात फेकायला सांगा. वर आभाळाकडे फेकलं की ते जागीच थांबतं आणि पडतं.

३७. विमान हातातून सुटलं की लगेच, आधी नाही, थ्रॉटल तीन-चतुर्थांश द्या. प्रॉपेलर मागे आहे, फेकणाऱ्याची बोटं त्याच्याच वाटेत असतात.

३८. स्टिक जराशी ओढून सरळ वर चढू द्या. वीस मीटरच्या खाली वळू नका.

३९. उंचीवर थ्रॉटल अर्ध्यावर आणून ट्रिम करा. उजवीकडे ओढत असेल तर डावं ट्रिम, एकेक टिक.

४०. मोठी, सैल वळणं घ्या. विमान तुमच्याकडे येताना डावं-उजवं उलटं वाटतं. तेव्हा पंखाची जी बाजू खाली गेलीय तिकडे स्टिक न्या, सरळ होतं.

४१. चार मिनिटांचा टायमर वाजला की उतरायला लागा. अजून दम आहे असं वाटेल, तरी उतरा.

४२. वाऱ्याकडे तोंड करून गवताला टेकण्याआधी थ्रॉटल पूर्ण शून्य करा. फिरता प्रॉपेलर जमिनीला लागला की गेला.

४३. बॅटरी काढून मोजा. प्रत्येक सेल ३.५ व्होल्टच्या वर हवा. खाली गेला असेल तर पुढच्या वेळी टायमर अर्धा मिनिट कमी करा.

४४. घरी बॅटरी फरशीवर ठेवून, समोर बसून चार्ज करा, आणि आठवडाभर उडवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगलेली दिसली तर पुन्हा चार्जरला लावू नका, नवीन घ्या.