नवजात बाळ कुडकुडत नाहीं

मोठ्या मनुष्यास थंडी वाजली म्हणजे तो कुडकुडतो, आणि त्या कुडकुडण्यानेंच त्याच्या अंगांत ऊब उत्पन्न होते. नुकतें जन्मलेलें बाळ बहुधा कुडकुडत नाहीं. म्हणून त्यास थंडी बाधत नाहीं असें समजावें काय? नाहीं, ही समजूत घातक आहे.

आईच्या उदरांत बाळ ३७ अंश सेल्सियसहून किंचित् अधिक उबेंत असतें. जन्मतांच तें ओलेंचिंब असें थंड हवेंत येतें, आणि अंगावरील पाणी वाळतांना ऊब घेऊन जातें. शिवाय, मोठ्या तपेल्यांतील पाणी पुष्कळ वेळ कढत राहतें, पण वाटींतलें लवकर निवतें. बाळ त्या वाटीसारखें आहे. वजनाच्या मानानें त्याच्या त्वचेचा विस्तार मोठ्या मनुष्याच्या सुमारें तिप्पट असतो. त्वचा पातळ, व तिच्याखालीं चरबी थोडी.

तर मग बाळ तगतें कसें? त्याच्या मानेजवळ, खांद्यांच्या मधोमध पाठीवर व मूत्रपिंडांभोंवतीं तपकिरी रंगाची विशेष चरबी असते. ती जाळून तें ऊब निर्माण करितें. पण त्यांत प्राणवायु व रक्तांतील साखर खर्च होते. दिवस न भरतां जन्मलेल्या बाळाजवळ हें सरपण फारच थोडें असतें. अशा वेळीं गारठलेलें बाळ रडत नाहीं, चोखीत नाहीं, निपचित पडून राहतें, आणि घरचीं माणसें म्हणतात, "किती शहाणें बाळ, स्वस्थ निजलें आहे!" ती झोंप नव्हे, तो धोका होय.

उपाय प्रत्येक घरीं आहे. बाळास जन्मतांच कोरडें पुसावें, ओलें फडकें दूर करावें, आईच्या उघड्या छातीशीं धरून दोघांवर पांघरूण घालावें, व डोक्यास टोपडें घालावें. पहिल्या तासांतच अंगावर पाजावें. जन्मतांच न्हाऊं घालण्याची चाल सोडून निदान २४ तास थांबावें. कोलंबिया देशांतील बोगोटा शहरीं १९७८ सालीं, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडल्यामुळें, डॉक्टर एडगर रे सानाब्रिया ह्यांनीं अशक्त बाळांस आयांच्या छातीशीं ठेवण्याची रीत घातली. आज जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करिते.

शेवटीं आम्ही एवढेंच सांगतों: बाळाच्या पोटास व पायांस वरचेवर हात लावून पाहावा. पाय गार असले तर ऊब वाढवावी. पोटही गार लागलें तर उजाडण्याची वाट पाहूं नये. बाळास छातीशीं धरूनच दवाखान्यांत न्यावें.