‘परवानगी’ लिहिण्याआधी

तोरणमाळ

चि. सुनील,

वकिलीची सनद हाती आली की या डोंगरावरची माणसं तुझ्याकडे येतील आणि त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येईल: परवानगी. फॉरेस्टवाल्यांनी आम्हाला दिली होती, तंबूवाल्याला आम्ही दिली. तो शब्द अर्जात उतरवण्याआधी थांबत जा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 52 प्रमाणे परवानगी म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर एरवी बेकायदा ठरेल असं काही करण्याची मुभा. तिच्यातून जमिनीत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. म्हणजे परवानगी मागणारा, जमीन समोरच्याची आहे, हे मागतानाच कबूल करतो. विहिरीकडे जाणारी शेजाऱ्याच्या शेतातली पायवाट घे. 20 वर्षं उघडपणे, बिनअडथळा, हक्क म्हणून वापरली तर कलम 15 खाली तिच्यावर हक्क सांगता येतो. सरकारी जमिनीवर 30 वर्षं लागतात. पण तीच वाट दरवर्षी विचारून वापरली, तर शंभर वर्षांनीही ती शेजाऱ्याची मेहेरबानीच राहते.

या एका शब्दाने आदिवासी मुलखाचं फार नुकसान केलं आहे. जंगल राखीव झालं, कसणारा होता तिथेच राहिला आणि त्याच्या शेताला अतिक्रमण हे नाव पडलं. काही ठिकाणी वनजमीन एकेका वर्षाच्या बोलीने कसायला दिली गेली, ते एकसाली प्लॉट. पिढ्यान्‌पिढ्यांची कसणूक अशी दरसाल नव्याने मागायची उपकाराची गोष्ट झाली. 2006 च्या वनहक्क कायद्याने हे उलटवलं. त्याच्या नावातच ‘मान्यता’ हा शब्द आहे: जे आधीपासून होतं ते मान्य करायचं. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताबा असेल तर आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष कसत असलेल्या, जास्तीत जास्त 4 हेक्टर जमिनीवर हक्क मिळतो, आणि पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं येतात. तू म्हणशील, कागद परवानगीचा असला तरी तोच उपयोगी पडला, नाहीतर पीक उभं राहिलं नसतं. खरं आहे, आणि तो कागद फेकून देऊ नकोस. कलम 3(1)(छ) असे जुने सरकारी पट्टे मालकीहक्कात बदलायचं सांगतं. मात्र तो पुरावा म्हणून लाव, हक्काचं मूळ म्हणून नव्हे. मूळ शेतात आहे. म्हणूनच नियमांनी घर, बांध, ताली आणि गावातल्या म्हाताऱ्यांचे लेखी जबाबही पुराव्यात धरले आहेत.

आता उलट बाजू, आणि माझी खरी काळजी इथे आहे. थंड हवेला येणाऱ्या पर्यटकांसाठी तंबू टाकायला बाहेरचा माणूस आदिवासीचं शेत मागतो, तेव्हा तोच शब्द आदिवासीच्या बाजूने वापरता येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ मुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. मग भाडेपट्ट्यालाच ‘परवानगी’ म्हणायची वाट शोधली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितलं की मथळ्यावर जाऊ नये, व्यवहाराचा गाभा पाहावा. शेताला कुंपण त्याचं, कुलूप त्याचं आणि मालकालाच आत मज्जाव असेल, तर कागदावर काहीही लिहा, तो भाडेपट्टाच ठरण्याचा धोका आहे. वनपट्ट्याच्या जमिनीचा तर या कामी विचारच नको. ती राहायला आणि कसायला आहे.

इतकं कडक राहिलं तर चार पैसे येणार कसे, हा आक्षेप हलका नाही. कोरडवाहू शेतावर एका हंगामाची रोख रक्कम मोठी असते, म्हणून नकार देत बसू नकोस. दिवस ठरलेले, जागा मोजलेली, ताबा मालकाचाच, अशी खरी परवानगी लिहून दे. पक्कं बांधकाम मात्र एक वीटही नको. परवानगी मालकाला केव्हाही मागे घेता येते. पण तिच्या भरवशावर समोरच्याने खर्च करून कायम स्वरूपाचं काम उभं केलं, तर सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 60 प्रमाणे ती मागे घेता येत नाही. हे वाक्य करारात ठळक घाल: फक्त काढता येतील असे तंबू, जोतं नाही, टाकी नाही. आणि अंगठा घेण्याआधी सगळा कागद पावरीत किंवा भिलीत, ज्याची जी बोली असेल तीत, घरातल्या बायकांना बसवून मोठ्याने वाचून दाखव.

तुझा मामा