फोनमधला सल्लागार आणि केनियाचे दुकानदार



उसाला खताचा डोस किती द्यावा, दुधाच्या जोडधंद्याचा हिशेब कसा मांडावा, हे आपल्यातले काही जण आता फोनमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारू लागले आहेत. विचारण्यात गैर काहीच नाही. पण पूर्व आफ्रिकेतल्या केनियात याचा रीतसर प्रयोग झाला, त्याची हकीकत या अंकात घेऊ.

२०२३ साली तिथले ६४० छोटे धंदेवाले निवडले. चिठ्ठ्या टाकाव्या तशी त्यांची वाटणी केली. एका गटाला जीपीटी-४ वर चालणारा सल्लागार व्हॉट्सॲपवर दिला, दुसऱ्याला धंद्याची साधी मार्गदर्शिका. पुढे विक्री आणि नफा तपासला तर सरासरीत ठळक फरक दिसेना! मग आकडे फोडून पाहिले. ज्यांचा धंदा आधीच बरा होता ते १५ टक्क्यांहून थोडे अधिक वर गेले. जे आधीच अडचणीत होते ते सुमारे ८ टक्के खाली आले.

आम्हांला वाटले, अडलेल्यांनी वेडेवाकडे प्रश्न विचारले असतील. तसे नव्हते. दोघांचे प्रश्न सारखे, मिळालेली उत्तरेही सारखीच. फरक पडला तो त्यातले काय उचलले आणि कसे राबवले यात. समजा, यंत्राने पाच गोष्टी सुचवल्या. त्यांत एक 'भाव उतरवा' अशी. ज्याच्या गाठीला भांडवलच नाही त्याने नेमकी तीच धरली, तर गिऱ्हाईक वाढूनही गल्ला रिकामाच. शेजाऱ्याचे पाहून युरिया ओतावा आणि आपले रान चोपण निघावे, त्यातलीच गत.

बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टचा उसावरचा प्रयोग वेगळा आहे. तिथे जमिनीतली ओल मोजणारी उपकरणे, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रे यांवरून त्या-त्या रानाची माहिती यंत्रापुढे जाते. नुसत्या फोनला आपले रान दिसत नाही. ते आपणच सांगायचे.

तेव्हा विचारायला बसताना माती परीक्षणाचा कागद जवळ घ्या. सामू, उसाची जात, लागणीची तारीख, नवी लागण की खोडवा, पाण्याची पाळी किती दिवसांनी, हे सारे सांगा. उत्तर आले की शेती खात्यातल्या आपल्या गटाच्या माणसाला दाखवा, आणि आधी चार सऱ्यांवर करून बघा.