पायलटला प्रोग्रामिंग यावं लागतं का?

प्रश्न : आजकाल विमान कॉम्प्युटरच चालवतो म्हणतात. मग पायलट व्हायचं तर प्रोग्रामिंग शिकायला हवं का?
– बारावीचा विद्यार्थी, सावर्डे (ता. चिपळूण)

उत्तर : नाही. परवान्यासाठी हवामानशास्त्र, नेव्हिगेशन, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती असे पेपर असतात, प्रोग्रामिंगचा नसतो. मात्र विमानातला प्रोग्राम आत्ता काय करतोय, पुढे काय करील आणि तो बंद कसा करायचा, हे पायलटला चोख ठाऊक हवं.

एअरबस ए-३२० मध्ये पायलटने साइडस्टिक हलवली की तो संदेश आधी कॉम्प्युटरकडे जातो. असे सात कॉम्प्युटर पंख-शेपटीच्या हालचाली सांभाळतात. एकाच चुकीने सगळे बंद पडू नयेत म्हणून त्यांची रचना आणि सॉफ्टवेअरही मुद्दाम वेगवेगळं ठेवलेलं असतं.

तरीही घात होतो. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचं नवंकोरं ए-३२० मुंबईहून बंगळूरला उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. १४६ पैकी ९२ जण दगावले. चौकशीतला निष्कर्ष असा : उतरण्याचा वेग मिनिटाला ७०० फूट ठेवायचा होता, पण बहुधा शेजारचं, उंची ठरवणारं बटण फिरवलं गेलं. विमान ‘ओपन डिसेंट’ मोडमध्ये गेलं. या मोडमध्ये इंजिनं किमान जोरावर राहतात आणि वेग राखायला नाक खाली ठेवावं लागतं. इथे वेग घटत गेला, तो लक्षात आला तेव्हा फार उशीर झाला होता. इंजिनांना पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात, तेवढी उंचीच उरली नव्हती. कॉम्प्युटरने मिळालेला हुकूम पाळला होता.

कधी दोष उलट बाजूलाही असतो. बोइंग ७३७ मॅक्समध्ये आपोआप नाक खाली दाबणारा ‘एमकॅस’ प्रोग्राम होता. पायलटांच्या मूळ मॅन्युअलमध्ये त्याची माहितीच नव्हती. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली.

चालू मोड पायलटसमोरच्या मुख्य स्क्रीनवर अगदी वर लिहिलेला असतो. तो बदलला की मोठ्याने वाचायचा, म्हणजे शेजारच्या पायलटलाही कळतं, ही शिस्त सिम्युलेटरमध्ये अंगवळणी पाडतात. प्रोग्रामिंग आवडत असेल तर जरूर शिका. यंत्र ‘अटी’ कशा तपासतं ते कळेल. पण मॅन्युअलमधलं ऑटोपायलटचं प्रकरण त्याआधी घोटून घ्या.