कमरेला खोचलेलं खेळणं

एअरसॉफ्टचं पिस्तूल हे खेळणं आहे, असं त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. भाच्यानं ऑनलाइन मागवलेलं पिस्तूल मी हातात घेतलं तेव्हा खेळण्याची खूण मला एकच सापडली, नळीच्या तोंडाशी बसवलेली नारिंगी टोपी. बाकी सगळं धातूचं. वजन अर्ध्या किलोच्या पुढे, मूठ खरखरीत, हाताला गार लागणारी. वरची स्लाइड मागे ओढून सोडली की असा खटका वाजतो की शेजारच्या खोलीतलं माणूस वळून बघेल. मी शाळेत बरीच वर्षं एनसीसीचं काम पाहिलं आहे, मुलांना .२२ रायफल हाताळायला शिकवली आहे. तरीही दहा पावलांवरून कुणी हे माझ्यावर रोखलं असतं तर खरं की खोटं, मला सांगता आलं नसतं. जुन्नर-आंबेगावच्या गावांतून पोरांना अशा पिस्तुलांची हौस लागली आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी त्याच्या पोटात काय असतं ते सांगतो. सहा मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी, वजन साधारण ०.२ ग्रॅम. ती ढकलायला स्प्रिंग, गॅस किंवा बॅटरी. हा प्रकार जपानात १९७० च्या दशकात रुजला, कारण तिथे सामान्य माणसाला खरं पिस्तूल बाळगता येत नाही. पण खेळाची ताकद वाढत चालली तेव्हा जपाननं २००६ मध्ये कायदा बदलून या गोळीला जेमतेम एक ज्यूलची मर्यादा घातली. आपल्याकडे छऱ्याची एअरगन मिळते ती वेगळी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. त्या मानानं एअरसॉफ्ट फारच दुबळं. पण दुबळं म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

भाच्याचं पिस्तूल स्प्रिंगचं होतं. दर वेळी स्लाइड ओढायची आणि एक गोळी मारायची. त्यानं माझ्यासमोर मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मामा, आता रिकामं आहे, बघा." मी ते पिस्तूल बुटांच्या खोक्याकडे धरून चाप ओढला. टप्‌ असा आवाज झाला आणि पुठ्ठ्याला गोल भोक पडलं. स्लाइड एकदा ओढली गेली की एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी जाऊन बसते. मॅगझिन बाहेर काढलं तरी ती तिथेच राहते. भाचा नुसता बघत राहिला, कारण अर्ध्या तासापूर्वी हेच 'रिकामं' पिस्तूल त्यानं धाकट्या बहिणीवर रोखून फोटो काढून घेतला होता. ही गोळी हातापायाला लागली तर लाल वळ उठेल, डोळ्याला लागली तर डोळा जाऊ शकतो. त्यामुळे घरात असं पिस्तूल असेल तर ते कायम भरलेलंच आहे असं धरून चाला, बोट चापावर ठेवू नका, माणसाकडे किंवा जनावराकडे गमतीनंही रोखू नका. नेम धरायचा असेल तर डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा हवा, खेळणाऱ्यालाही आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही. एनसीसीच्या रेंजवर रायफलीसाठी जी शिस्त असते तीच इथे लागते, एका गुंजेनंही कमी नाही.

डोळ्याची भीती लोकांना पटकन पटते. दुसरी पटत नाही, आणि मला जास्त काळजी त्या दुसरीचीच वाटते.

भाच्याच्या मित्रांनी रील करायचं ठरवलं तेव्हा ती नारिंगी टोपी काळ्या मार्करनं रंगवून टाकली. नारिंगी दिसलं की मजा जाते म्हणे. संध्याकाळी परतताना हा पठ्ठ्या पिस्तूल कमरेला खोचून पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका टपरीवर चहाला थांबला. पैसे काढायला हात वर गेला, शर्ट वर सरकला आणि शेजारच्या टेम्पोवाल्याला मूठ दिसली. त्यानं शहाणपणा केला. काही न बोलता बाजूला जाऊन ११२ ला फोन लावला. पोलीस आले, पोरांना ठाण्यात नेलं. आम्ही पोहोचलो तोवर पिस्तूल टेबलावर आणि पोरं भिंतीला. खेळणं आहे हे कळल्यावर चौकशी, जबाब, समज देऊन रात्री उशिरा सोडलं. अधिकारी मला एवढंच म्हणाले, "सर, आमच्या माणसानं अंधारात ते ओळखायचं कसं? यानं घाबरून कमरेला हात घातला असता तर?"

त्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरानं बघितलं आहे. २२ नोव्हेंबर २०१४ ला तिथल्या एका बागेत १२ वर्षांचा टामिर राइस एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. त्या पिस्तुलाची नारिंगी टोपी निघालेली होती. कुणीतरी पोलिसांना फोन केला. गाडी आली आणि काही क्षणांतच पोलिसानं गोळी झाडली. मुलगा दुसऱ्या दिवशी गेला. टोपी रंगवणाऱ्या प्रत्येक पोराला ही हकीकत मी सांगतो, सगळी, तारखेसकट.

आमच्या भागात पिस्तूल घ्यायला आणखी एक कारण पुढे केलं जातं, बिबट्या. ती भीती खोटी नाही. जुन्नर वनविभागात उसामुळे बिबट्या घराच्या पडवीपर्यंत आला आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत परिसरात हल्ल्यांत माणसं गेली, लेकरं गेली, आणि लोकांनी मंचरला महामार्ग अडवला. रात्रीच्या पाळीच्या विजेवर पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला हातात काहीतरी असावंसं वाटतं, ते मी समजू शकतो. पण हे पिस्तूल तिथे काहीही कामाचं नाही. आवाज टाळीएवढा, गोळी प्लॅस्टिकची. उलट ते हातात आहे म्हणून माणूस एकटा जातो, आणि बिथरलेलं जनावर अंगावर येतं. शिवाय वन्यजीव कायद्यानुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला जखमी करणं ही शिकारच धरली जाते. रात्री जाताना दोघं-तिघं मिळून जा, मोठी बॅटरी, घुंगरांची काठी, मोबाइलवर मोठ्यानं गाणी, आणि बिबट्या दिसला तर वनविभागाचा १९२६.

कायद्याचं थोडं सांगायला हवं. खेळणं आहे म्हणून सगळं माफ, असा समज पोरांत आहे. कुणाला धाक घालायला ते दाखवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ लागू शकतं, बेपर्वाईनं मारून इजा केली तर कलम १२५. नकली पिस्तुलात फेरफार करून त्याचं खरं हत्यार बनवणं हा तर शस्त्र अधिनियमाखालचा गुन्हा आहे, त्या वाटेला कुणी जाऊच नये. सण-निवडणुकांच्या काळात जमावबंदीचे, शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा असली वस्तू घेऊन रस्त्यावर फिरणं म्हणजे संकटाला आवतण. विमानात हातातल्या बॅगेत तर खेळण्यातलं पिस्तूलही चालत नाही.

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. वगात फौजदार असतो, दरोडेखोर असतो, पिस्तूलही असतं. पण तिथे ते बोर्डावर, उजेडात असतं, आणि समोरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं की हा खेळ आहे. रस्त्यावर हे कुणालाच ठाऊक नसतं.

आईबापांना माझी विनंती आहे. पोरगं वयात येत असेल आणि घरी असं पार्सल आलं असेल, तर ते त्याच्यासोबत बसून उघडा. नारिंगी टोपी काढू किंवा रंगवू देऊ नका. पिस्तूल कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या. घराबाहेर न्यायचंच असेल तर खोक्यात, बॅग बंद करून, कमरेला कधीच नाही. आणि गावात शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांनी लाकडाचं किंवा थर्माकोलचं पिस्तूल रंगवून घ्यावं, पडद्यावर काही फरक पडत नाही. धातूचंच हवं असेल तर शूटिंगची तारीख, वेळ आणि जागा आधी पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि गावच्या पोलीस पाटलांनाही कळवा.