लंडनमधील भारतीय चित्रकारांची संघटना

दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक तरुण भारतीय चित्रकार लंडनला गेले. युरोपीय कलाकृती प्रत्यक्ष पाहाव्यात आणि जाणकार समीक्षकांनी आपले काम पारखावे, अशी त्यांची उमेद होती. १९४९ मध्ये तेथे गेलेले मूळचे गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना १९५५ मधील 'गॅलरी वन' येथील प्रदर्शनाने कीर्ती मिळवून दिली. तथापि एकाच्या यशाने साऱ्यांना द्वार खुले होत नाही, हा अनुभव मागाहून आलेल्यांना लवकरच आला.

त्यांच्यापुढील पेच दुहेरी होता. चित्रात भारतीय प्रतिमा आढळल्या, तर ते नवलाई म्हणून पाहिले जाई. त्या न आढळल्या, तर पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणून बाजूला सारले जाई. चित्रकाराचे स्वतःचे म्हणणे या दोहोंच्या मध्ये हरवून जाई.

या परिस्थितीतून १९६३ मध्ये 'इंडियन पेंटर्स कलेक्टिव्ह' ही संघटना उभी राहिली. सूझांचे एकाच मातेपोटी जन्मलेले धाकटे बंधू लॅन्सलॉट रिबेरो हे तिच्या संस्थापकांपैकी एक होत. गजानन भागवत, यशवंत माळी, इब्राहिम वाघ, बलराज खन्ना व एस. व्ही. रामाराव हेही या मंडळींत होते. त्यांची शैली एक नव्हती. एकत्र आणणारी गोष्ट होती ती प्रदर्शनाच्या संधीची निकड. रिबेरो तर तैलरंग सावकाश वाळतात म्हणून अधीर होऊन पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेटमध्ये रंग मिसळण्याचे प्रयोग करीत होते. अशा प्रयोगशील कलावंताला केवळ 'भारतीय' या एका शब्दात बसविणे कठीणच होते.

१९७८-७९ मध्ये 'इंडियन आर्टिस्ट्स यू.के.' ही नवी संघटना स्थापन झाली आणि १९८७ मध्ये लंडनमध्ये 'होरायझन गॅलरी' सुरू झाली. आता चित्रे लावण्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. १९८९ मध्ये कराचीत जन्मलेले कलावंत रशीद अराईन यांनी हेवर्ड गॅलरीत 'दि अदर स्टोरी' हे प्रदर्शन भरविले. आफ्रिकी, कॅरिबियन व आशियाई वंशाच्या चोवीस कलावंतांचे ब्रिटिश आधुनिक कलेतील स्थान त्यातून प्रथमच एवढ्या व्यापक प्रमाणावर मांडले गेले.

होरायझन गॅलरी १९९१ मध्ये बंद पडली. संघटनेने चित्रकारांना जागा दिली, परंतु 'भारतीय' हा वेगळेपणाचा शिक्काही त्याच नावाने कायम राहिला. आसरा आणि शिक्का यांतील हा ताण प्रवासी कलावंतांच्या बहुतेक संघटनांच्या वाट्याला येतो; लंडनच्या या इतिहासात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.