जांभळाचा कस व प्रयोगशाळेंतील आंकडा

घोडबंदर मार्गालगतच्या येऊरच्या उतारावर उन्हाळ्याच्या अखेरीस जांभळें व करवंदें पिकतात. असल्या गडद रंगाच्या फळांचा रस किंवा भुकटी विकतांना त्यांतील ‘अँटिऑक्सिडंट’ द्रव्यांचा आंकडा सांगण्याचा प्रघात पडला आहे. तेल हवेनें खवट होतें. तशी प्राणवायूमुळें होणारी नासाडी रोखणारीं हीं द्रव्यें होत. या आंकड्यावर मालाचा भाव ठरूं लागल्यास तो कितपत भरंवशाचा, हें बागायतदारानें जाणणें अगत्याचें आहे.

पहिली अडचण रीतीची. फोलिन-सिओकाल्टो द्रावण १९२७ पासून प्रचारांत असून त्यानें फिनॉल वर्गाचीं द्रव्यें मोजतात. परंतु क जीवनसत्त्वहि त्या द्रावणास निळें करतें. त्यामुळें आंकडा वाजवीपेक्षां फुगतो. डीपीपीएच ही १९५८ सालची रीत निराळी. तींत जांभळ्या रंगाचें द्रावण किती फिकें पडलें, हें ५१७ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरीवर पाहतात. पण जांभळाचा रस स्वतःच त्या सुमाराचा प्रकाश शोषतो. नुसत्या रसाचें माप वजा न केल्यास चांगलें फळहि हिणकस ठरतें.

दुसरी अडचण पाण्याची. १०० ग्रॅम गरांत ८४ ग्रॅम पाणी धरल्यास सुका अंश १६ ग्रॅम उरतो. म्हणजे सुक्या वजनावर काढलेला आंकडा ताज्या वजनावरील आंकड्याच्या सव्वासहा पट दिसतो. फळ मात्र तेंच.

तिसरी अडचण नमुन्याची, व ती आपल्या हातांतील आहे. निरनिराळ्या झाडांचीं, सारख्या पक्वतेचीं, न ठेचलेलीं फळें एकत्र करून बर्फावर त्याच दिवशीं पाठवावीं. उन्हांत राहिलेल्या फळांचा कस घटतो. एकाच नमुन्याचे दोन भाग निराळ्या खुणांनीं द्यावे. दोहोंचे आंकडे जवळपास जुळले नाहींत, तर त्या अहवालावर सौदा करूं नये. शिवाय पुढील गोष्टी लेखी मागाव्या :

(१) रीत कोणती वापरली?
(२) वजन ताजें कीं सुकें?
(३) किती वेळां मोजलें व फरक किती पडला?
(४) फळाच्या रंगाचें माप वजा केलें काय?

अमेरिकेच्या कृषिखात्यानें ऑरॅक रीतीच्या आंकड्यांचा आपला तक्ता २०१२ सालीं मागें घेतला. नळींत दिसलेली शक्ति शरीरांतील गुणाचा पुरावा नव्हे, आणि जाहिरातींत तिचा गैरवापर होत होता, हें त्याचें कारण. तेव्हां एकाच रीतीनें मोजलेल्या दोन मालांची तुलना करण्यापुरताच हा आंकडा मानावा. त्यावरून औषधी गुणाची ग्वाही गिऱ्हाइकास देऊं नये.